खडकातले दोन एकर

(कोल्हापूर, मे १९८६. खरेदीखतं नोंदवायच्या कचेरीचं आवार. लिंबाखालच्या बाकड्यावर तिघं भावंडं : अमेरिकेहून आलेला थोरला आकाराम, गावाकडं शेती करणारा धाकटा केरबा, आणि बिद्रीच्या बाजूला दिलेली मधली चिमणाबाई. कारकून जेवायला गेला आहे.)

केरबा : मोठ्यानं बोलू नको असं परत म्हनू नगंस. ही कचेरी हाय दादा, दवाखाना न्हाय. हितं समदी वरडूनच बोलत्यात.

आकाराम : बरं, ओरड. पण ओरडताना हा कागद समोर धर.

केरबा : सकाळधरनं तिसऱ्यांदा दावलास त्यो. डाव्या अंगाला तुजी आयवा, उजव्या अंगाला आमचं गाव, मदी रेघ. म्या बी शाळंत गेलोय. वाचाय येतंय मला.

आकाराम : आयोवा.

केरबा : त्येच की.

आकाराम : वाचता येतं तर समजून घे. मी राहतो तिथे पाच वर्षांपूर्वी शेतीचा एकर एकवीसशे डॉलरला जायचा. आज आठशेला जातोय. म्हणजे आपले दहा हजार रुपये. आणि जमीन कसली, काळीभोर, सपाट. दिवसभर शोधलास तरी मुठीएवढा दगड सापडायचा नाही. इकडे आपलं खडकातलं रान. आबा स्वतः त्याला खडक म्हणायचे. त्याला पिराजी एकरी चाळीस हजार देतोय. तिथल्या चौपट. हे कुणालाही दाखव, तो म्हणेल आजच्या आज विकून मोकळे व्हा.

केरबा : मग त्यालाच दाव की. आमाला कशाला दावतोस? आमी इकाय काडलंय व्हय?

चिमणाबाई : तिकडं बी एकर चाळीसच गुंठ्यांचा असतोय का रं दादा?

आकाराम : एकर तेवढाच, चिमे. गुंठा त्यांना माहीत नाही.

चिमणाबाई : मग बांधावरनं भांडत कशी असतील?

आकाराम : बांधच नसतात. मैलभर सरळ तारेचं कुंपण.

केरबा : आक्का, तू कशाला इचारतीस त्याला? त्यो आनि दोन कागद काडंल.

आकाराम : तिला विचारू दे. तू तर विचारतही नाहीस. सोमवारपासून नुसता पाय आपटत फिरतोयस.

केरबा : सोमवारी तू काय केलंस? म्या उसाला पानी पाजाय गेलो, तवर तू वसरीवर बसून पिराजीकडनं पाच हजार विसार घेतलास. घरात येऊन कळतंय मला, माज्या बायकोकडनं, की खडकातलं दिलं म्हनून. उंबऱ्यात उभा ऱ्हायलो तर पायातली चप्पल काडायची सुद ऱ्हायली न्हाय मला.

आकाराम : माझ्या वाट्याचं दिलं. तुझ्या नाही. सहा एकरांतले चार तुला ठेवले. आपण दोघं भाऊ, अर्धं म्हटलं तरी तीन माझे होतात. मी दोन घेतले. आणि घेतले कुठले? वरचे. खडकातले. खालचं चांगलं रान सगळं तुला. यापेक्षा भावानं आणखी काय करायचं असतं?

केरबा : म्हंजे उपकार केलास.

आकाराम : उपकार मी म्हटलं नाही.

केरबा : तोंडावर लिवलंय की तुज्या.

चिमणाबाई : त्यो च्यावाला चाललाय बगा. तीन सांगा. घसं वाळल्यात तुमचं.

केरबा : मला नगं. पिराजी बसलाय त्या टपरीवर. त्याच्या शेजारचा च्या घशाखाली उतरायचा न्हाय माज्या.

आकाराम : पैसे तरी कशाला हवेत ते ऐक. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट बघितलाय. म्हातारपणी परत यायचं तर डोक्यावर छप्पर नको? हे पैसे काही मी तिकडे नेत नाही, नेताही येत नाहीत. इथलेच इथे राहणार.

केरबा : पुन्यात. आनि गावात आबांनी बांदलेलं घर काय गुरांना हाय?

आकाराम : माझी पोरं त्या घरात राहतील? त्यांना मराठी कळत नाही केरबा. 'पाणी दे' एवढं कळतं.

केरबा : त्यात बी चूक माजीच असंल.

आकाराम : चूक कुणाचीच नाही. मी सांगतोय ते वेगळंच आहे. माझ्या घरापलीकडे एक म्हातारा होता, दोनशे एकरांचा मालक. पाच वर्षांपूर्वी मला म्हणाला होता, मक्याची जमीन आहे ही, हिचा भाव कधी उतरायचा नाही. गेल्या हिवाळ्यात त्यानं विकायला काढली. बर्फात तिथे आम्ही तीस-चाळीस माणसं उभी होतो. बोली लावायला कुणी पुढे येईना. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. शेवटी तिसऱ्या हिश्शाला गेली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून भीती वाटते मला. हाच भाव उद्या इथेही पडेल. आज देणारा समोर बसलाय तर घ्यावा, एवढंच माझं म्हणणं.

केरबा : भाव पडला तर पडू दे की. म्या कुठं इकनार हाय? माज्या उसाला काय कळतंय व्हय, रानाचा भाव पडला म्हनून? त्यो तेवढाच वाडतोय.

आकाराम : हेच. हेच तुम्हा लोकांना समजत नाही.

केरबा : तुमा लोकांना?

आकाराम : बरं, चुकलं.

केरबा : न्हाय, बोललास ते बरं झालं. आता आमा लोकांचा हिशोब ऐक. तिकडं एकरात मका किती पिकतोय?

आकाराम : सव्वातीन टन.

केरबा : त्याचं पैसं किती?

आकाराम : यंदा भाव वाईट आहे. तरी अडीचशे डॉलर धर. तीन हजार रुपये.

केरबा : आमी खडकातनं गेल्या साली एकरी पंचेचाळीस टन ऊस कारखान्याला घातला. टनाला सव्वादोनशे. दहा हजार. तुज्या आयवाच्या तिप्पट. मग मदी रेघ मारून शानपना कुनाला शिकवाय लागलायस?

आकाराम : ऊस किती महिन्यांचा? मका चार महिन्यांचा.

केरबा : आडसाली, दीड वर्साचा. आनि तुमी उरलेल्या आठ म्हैन्यांत काय पिकवताय? बर्फ?

आकाराम : मुद्दा तो नाही. तिथे दोनशे एकर एक माणूस करतो. एकटा. पेरणीपासून काढणीपर्यंत. इथे सहा एकरांत तू, तुझी बायको, दोन पोरं, चार जण राबता. त्या चौघांचा पगार काढ त्या दहा हजारांतून. काय उरतं?

केरबा : कसला पगार?

आकाराम : मजुरी. तुमच्या चौघांची.

केरबा : घरच्या मानसाला कसली मजुरी?

आकाराम : तिथला शेतकरी स्वतःचीही मजुरी लावतो. बायकोची लावतो. मग बघतो जमीन परवडते का. तू कधी लावलीच नाहीस, म्हणून तुला वाटतं जमीन देते. जमीन देत नाही, तुमची हाडं देतात.

केरबा : घरच्या मानसाला मजुरी लावली तर ते घर ऱ्हातंय व्हय? उद्या बायकू म्हनंल, भाकरीचं एवडं द्या. आबांनी कवा कुनाला मजुरी दिली?

चिमणाबाई : न्हाय. आबांनी कुनाला न्हाय दिली.

केरबा : ऐक. आक्का बी त्येच म्हनती.

आकाराम : ती काय म्हणते ते तुला कळलंय असं मला वाटत नाही.

केरबा : तू तिच्या तोंडचं बोलू नगंस. तू तिला पंचवीस वर्सांत चारदा बघितलंयस. आनि आता मी इचारतो तुला एक. पिराजी काय करनार खडकातलं घेऊन?

आकाराम : तो बघेल. घेणाऱ्याला विचारायचं नसतं.

केरबा : तुला काय सांगितलंय त्यानं? कोंबड्या पाळनार?

आकाराम : असं काहीतरी म्हणाला होता.

केरबा : दादा, म्या त्या दिवशी खालच्या बांधावर उभा हुतो. त्यानं बरूबर दोन गडी आनल्यालं. उसाच्या सरीत खोरं घालून कंबरंएवडा खड्डा काडला. आत काठी घालून मोजलं, माती किती फूट हाय. मग मूठभर माती थुकी लावून मळली, वळकटी केली, मोडती का बघितली. रान घेनारा मानूस पानी बघतोय, हिरीचा झरा बघतोय, शेजारी कोन हाय बघतोय. मातीची वळकटी कवा करत न्हाय. त्यो भट्टीवाला हाय. दोन भट्ट्या हायत त्याच्या नदीला. त्यो रान घेत न्हाय. माती घेतोय.

आकाराम : मला माहीत आहे.

केरबा : काय?

आकाराम : वीटभट्टीसाठी घेतोय, माहीत आहे मला. त्यानंच सांगितलं.

केरबा : आनि तू कोंबड्या म्हनून सांगितलंस. पोरांच्या समूर. माज्या बायकूला म्हनलास, अंडी लागली तर पिराजीकडनं आना.

आकाराम : कारण तू असा ओरडणार हे ठाऊक होतं मला. आता शांत डोक्यानं ऐक. तो चाळीस हजारांना घेईल. दोन-तीन वर्षांत वरची तीन फूट माती काढेल. खाली खडक लागला की त्याला त्या जमिनीचा उपयोग संपला. मग तू ती परत विकत घे. पाच हजारांत देईल एकर, हसत देईल. जमीन घरातच राहील आणि वर पस्तीस हजार शिल्लक. मी त्याच्याशी तसं बोलूनही ठेवलंय.

केरबा : खडक परत घेऊ?

आकाराम : आधीही खडकच होता तो.

केरबा : हात उगारीन हां दादा मी. कचेरी हाय का देऊळ हाय बघनार न्हाय.

चिमणाबाई : केरबा. बस खाली.

केरबा : न्हाय आक्का, ह्यो काय बोलतोय ऐकतीस न्हवं? म्हनं आधी बी खडकच हुता.

चिमणाबाई : ऐकतोय मी. मला ऐकाय येतंय. बस तू.

आकाराम : मी काय चुकीचं बोललो? मी पुण्याला कॉलेजला गेलो तेव्हा तिथे कुसळी उगवायची. शेरडं चरायची. सातबाऱ्यावर अजून जिरायत लिहिलंय. म्हणून तर ते मी वाट्याला मागितलं. वाईट ते मी घेतलं.

केरबा : सातबाऱ्यावर! तलाठ्यानं कवा पाय ठेवलाय तिथं? म्या तुला पत्र लिवलं हुतं अडुसष्ट साली. गाळ भरला म्हनून.

आकाराम : आलं होतं. 'खडकात तळ्याचा गाळ भरला, आता ऊस लावणार.' एक ओळ. मी तुला शाबासकीचं उत्तर पाठवलं होतं. मला वाटलं गडी लावले असतील, गाड्या लावल्या असतील.

केरबा : गडी! पैसा कुठं हुता गडी लावाय? समदा तुज्या इमानाच्या तिकिटाला गेल्ता. गाडी तळ्यात उतरत नव्हती, चाक रुतायचं. तळ्यातनं काठापतूर डोक्यावर बुट्टी. काठावरनं गाडी. आनि खडकाच्या चढाला बैल गुडघ्यावर यायचं, म्हनून चढाखाली गाडी सोडायची आनि वर परत बुट्टी. तीन उन्हाळं. फेब्रुवारीत तळं आटलं की सुरवात, मिरगापतूर.

आकाराम : कुणी वाहिली?

केरबा : कुनी म्हंजे? घरानंच.

आकाराम : घर म्हणजे कोण? आबांचं गुडघ्याचं दुखणं चौसष्टपासूनचं. आई दम्याची. तू शाळेत होतास. कोण वाहत होतं?

केरबा : सुट्टीत म्या बी वाहिली की.

आकाराम : आणि सुट्टी नसताना?

चिमणाबाई : मी.

आकाराम : तू?

चिमणाबाई : मी आनि शेजारची बयाबाई. बयाबाईला रोज पायलीभर जुंधळं मिळायचं. ती परकी हुती न्हवं. मी घरची.

आकाराम : तीन वर्षं?

चिमणाबाई : तीन उन्हाळं. इसाव्या वर्सापासनं बाविसाव्यापतूर. हितं टाळूवर बोट लाव, केस इरळ हायती बघ अजून. चुंबळ सरकायची, बुट्टीचा काठ घासायचा. आनि वल्ला गाळ सोपा नसतोय, दोन मानसं लागत्यात डोक्यावर चढवाय.

आकाराम : मला कुणी लिहिलं का नाही?

चिमणाबाई : लिवनार कोन? लिवाय येत हुतं ते ह्याला. ह्यानं लिवलं गाळ भरला.

केरबा : आक्का, म्या तवा एकोनीस वर्साचा हुतो. पत्रात काय काय लिवायचं?

चिमणाबाई : तुला दोष न्हाय दिला मी. काय लिवलं ते सांगिटलं.

आकाराम : म्हणून तुझं लग्न...

चिमणाबाई : म्हनून. पैल्या साली आजऱ्याकडचं स्थळ आलं हुतं. मास्तर हुता पोरगा. आबा म्हनले, ह्यो उन्हाळा जाऊ दे, अर्दं रान भरायचं ऱ्हायलंय. दुसऱ्या साली बी तसंच. तिसऱ्या साली रान भरलं, तवर बावीस झाली. मग बिजवर मिळाला. पैल्या बायकूची दोन पोरं घेऊन. मानूस वाईट न्हाय माजा. पर आजऱ्याचा मास्तर आता हेडमास्तर झालाय. एसटीत दिसला हुता मागं.

आकाराम : केरबा, तू हे मला सोमवारी सांगायचंस.

केरबा : तू इचारलंस कवा? तू कागद काडलास. आता तरी कळलं न्हवं? पिराजी एकरी चाळीस हजार कशाचं देतोय? खडकाचं? तुज्या आयवाच्या रानाची माती देवानं टाकलीया. हितली आक्कानं टाकलीया. आनि तू ती इकून पुन्यात फ्लॅट घेनार. कोल्हापुरात कुनीतरी बंगला बांदनार, त्याच्या भित्तीत आक्काची बुट्टी. म्हनून आनलंय मी तिला. ती अंगठा देनार न्हाय. सांग आक्का त्याला.

आकाराम : थांब. तू आणलंस? मी पत्र पाठवलं होतं तिला, सही लागेल म्हणून.

केरबा : तुजं पत्र मीच वाचून दावलं बिद्रीला जाऊन.

चिमणाबाई : व्हय. दोघांनी बी बोलावलं मला. तू म्हनलास ये, अंगठा द्यायचा हाय. ह्यो म्हनला ये, अंगठा द्यायचा न्हाय. पर माजा अंगठा लागतोय कशाला, ते कुनीच सांगिटलं न्हाय. आबांच्या तेराव्याला तुमी दोघांनी मला लुगडं-चोळी दिली. हिरवं इरकल. समद्या भावकीनं बघितलं. मी हातात घेतलं आनि म्हनलो, माजा काय हक्क न्हाय. मग परत अंगठा कशाचा?

केरबा : ते असंच. कागदाचं काम.

चिमणाबाई : कागदाचंच इचारतोय.

आकाराम : ते, चिमे, तेव्हा कागद करायचा राहून गेला. तोंडानं सोडलंस, पण हक्कसोड लिहून नोंदवायला पाहिजे होतं. मला दहा दिवसांची रजा होती. आम्हाला वाटलं, लुगडं घेतलं म्हणजे झालं. तलाठ्यानं वारस म्हणून तिघांचीही नावं चढवली.

चिमणाबाई : तिघांची?

आकाराम : हो. तुझंही आहे.

चिमणाबाई : कवापासनं?

आकाराम : चौऱ्याहत्तर.

चिमणाबाई : बारा वर्सं. केरबा, तुला म्हाईत हुतं?

केरबा : दर साली सातबारा काडाय लागतोय सोसायटीला. त्यात असतंय नाव. मला वाटलं, असूंदे, काय बिगाडतंय.

आकाराम : काय बिघडतंय? आता मी सांगतो काय बिघडतंय. मघापासून मला आक्काची माती, आक्काची बुट्टी ऐकवतोस. सहा एकर आबांच्या स्वतःच्या कमाईचे, आई त्यांच्या आधीच गेलेली, वारस तीन. एकेकाला दोन. मी माझे दोनच घेतले, तेवढेच माझे आहेत. मग तू चार कसे खातोस? त्या चारांतले दोन हिचे आहेत लेका. बारा वर्षांत तिला काय दिलंस त्यातलं?

केरबा : भाऊबीजंला बोलावतोय की. दर दिवाळीला साडी. पंचमीला साडी. काकवीचा डबा, गुळाची ढेप. पोरीच्या लग्नाला दोन पोती तांदूळ घातलं. आक्का, घातलं का न्हाय सांग.

चिमणाबाई : घातलं. चांगलं तांदूळ हुतं.

आकाराम : दोन एकर उसाच्या बदल्यात दोन पोती तांदूळ. माझा कागद तुला लबाडीचा वाटतो, आणि हा हिशोब?

केरबा : अन् तू? तुला तर ही वारस हाय हेच खटकतंय. मघाशी काय म्हनलास? आपन दोघं भाऊ, तीन-तीन होत्यात. तीन कुठनं आलं? हिला कुठं धरलंस तू?

आकाराम : मी बोलताना...

केरबा : बोलताना म्हंजे मनात. मनातलंच तोंडात येतंय मानसाच्या.

आकाराम : गप बस की लेका. किती वरडतोस? समदं आवार बघाय लागलंय हिकडं.

केरबा : आता कसं गावचं बोलाय आलं? बघू दे आवाराला.

चिमणाबाई : झालं दोघांचं?

आकाराम : चिमे, ऐक. रागावू नकोस. पिराजीच्या पैशातले अर्धे तुला देतो. चाळीस हजार. आत्ता, इथेच. तुझ्या नावावर बँकेत टाकू.

केरबा : बघ, लगेच बोली लावली. आक्का, तू घेऊ नगंस. त्यापरास मी म्हनतो ते कर. आत जाऊन सांग अंगठा देत न्हाय. रान हाय तसं ऱ्हाऊ दे. मी कसतोयच की.

चिमणाबाई : दादा, तिकडं आठशे डॉलरचा एकर म्हनलास. दहा हजार.

आकाराम : हो.

चिमणाबाई : काळंभोर. दगड न्हाय.

आकाराम : हो, चिमे.

चिमणाबाई : आनि आमचा खडक चाळीस हजार. मदलं तीस हजार कुठनं आलं, ते त्या कागदावर लिवलंय का?

आकाराम : नाही.

चिमणाबाई : तू मघाशी म्हनलास, तिकडं बाईची बी मजुरी लावत्यात. मला ते लई गोड वाटलं. मनात म्हनलो, ह्यो आता इचारंल. तू ह्याच्या घरची हाडं मोजाय लागलास, आनि ह्यो म्हनला घरच्या मानसाला कसली मजुरी. इतकं भांडलासा, पर माज्याकडं बघून कोन बोललं न्हाय. दोघांची बी तोंडं टपरीकडं.

केरबा : आक्का, तसं न्हाय.

चिमणाबाई : तसंच हाय. मला राग आलाय केरबा. अठरा वर्सं झाली आलेला. लुगडं हातात घेताना बी हुता. पर तवा वाटलं, हक्कच न्हाय तर राग कशाचा करायचा. गप बसलो. आता तुमीच सांगितलासा नाव हाय म्हनून. मग बोलतो. खडकातलं दोन एकर माजं. खालच्या चारांतलं दोन दादाचं, दोन तुजं. दादा, तुज्या वाट्याचं तुला इकायचं तर ईक, आयवाला जातंय तर बांदून ने. पिराजीला खालची माती चालंल का बघ.

आकाराम : त्याला वरचीच हवी आहे. रस्त्याकडेची.

चिमणाबाई : मग न्हाय मिळायची. आनि केरबा, खडकातलं तूच कसायचं. मी काय बिद्रीहून येऊन नांगर धरनार न्हाय. अर्दा ऊस माज्या नावानं घालायचा. कारखान्याची पैशाची पट्टी माज्या नावानं निघाली पायजे.

केरबा : वाटा मागतीस आक्का? भावाकडं?

चिमणाबाई : व्हय.

केरबा : गावात काय तोंड दावू मी? भनीनं कोर्टाकचेरी करून रान घेतलं म्हनतील.

चिमणाबाई : कोर्टात कुठं गेलो? तूच आनलास मला हितं. एसटीचं तिकीट बी तूच काडलंस.

आकाराम : आणि मी पिराजीला काय सांगू? विसार घेतलाय मी. शब्द दिलाय. शुक्रवारी माझं विमान आहे.

चिमणाबाई : पाच हजार खिशात हाईत न्हवं? द्यायचं परत. सांगायचं, भन न्हाय म्हनली.

आकाराम : बहीण नाही म्हणाली. एवढंच?

चिमणाबाई : एवडंच. त्यो भट्टीवाला हाय, त्याला रडाय येत न्हाय. दुसरीकडं खड्डा काडंल.

केरबा : दिवाळीला येनार न्हवं आक्का तू?

चिमणाबाई : येनार की. साडी बी घेनार. साडीचं आनि ह्येचं काय?

आकाराम : कारकून आला बघ. नावं पुकारतोय.

चिमणाबाई : पुकारू दे. दादा, त्यो सातबारा काड पिशवीतनं. माजं नाव कुठं हाय दाव.

आकाराम : हे बघ. इथे. तिसऱ्या ओळीत.

चिमणाबाई : मला वाचाय येत असतं तर तुला सांगिटलं नसतं. बोट ठिव त्याच्यावर आनि वाच.

आकाराम : 'चिमणाबाई गुंडू पाटील.' माहेरचं नाव आहे. आबांचं.

चिमणाबाई : आनि एकदा वाच. दमानं.